बावीस जाकिटांच्या चेना

कपड्याची चेन अडकली की माणूस ती जोरात पुढे ओढतो. दुकानात आलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगत आलो की पुढे ओढू नका, आधी मागे घ्या. जिथवर ती नीट येत होती तिथवर मागे न्यायची, दाते बघायचे, मग पुढे. कुणी ऐकत नाही. ओढून ओढून दाते वाकवतात, मग माझ्याकडे येतात आणि वर माझ्याशीच भाव करतात. आता डोळ्यांना दाते दिसत नाहीत, बोटांना नुसते लागतात. पण चेनेचा विषय निघाला की ती बावीस जाकिटं आठवतात आणि तो मुकादम आठवतो. पूर्वी नुसत्या आठवणीने अंगाचा तिळपापड व्हायचा. हल्ली रागावण्याचाही कंटाळा येतो.

मी कोकणातला, खाडीकाठचा. पिंपरीला आलो तेव्हा अंगावर एक सदरा आणि पिशवीत दुसरा. मला कुणी हात दिला नाही आणि मी कुणाकडे मागितला नाही. तेव्हा पिंपरी म्हणजे जुनं गाव, रेल्वेचं स्टेशन आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांचा कॅम्प. औषधाच्या कारखान्याच्या भिंती नुकत्या उभ्या राहत होत्या. देहूरोडला लष्कराच्या जुन्या मालाचा लिलाव व्हायचा, तिथे मी जायचो. मोठे व्यापारी तंबूंचे आणि बुटांचे ढीग उचलायचे. फाटक्या पिशव्यांचं शेवटचं पोतं कुणालाच नको असायचं. सगळे दमले, उन्हाने करपले, लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज बसला, की मी बोलायला सुरुवात करायचो. पोतं मिळायचं. त्यातल्या बकला, कड्या आणि चेना मी उसवून काढायचो आणि कॅम्पच्या गल्लीत एका खोक्यावर बसून लोकांच्या पिशव्यांना लावून द्यायचो. शेजारचा कापडवाला म्हातारा मला म्हणायचा, "अरे कोकणी, तू भाव करतोस की भांडण?" मी म्हणायचो, "शेठ, मला दोन्ही सारखंच येतं."

पिंपरीहून सायकलवर अर्ध्या तासावर नदीच्या काठी लष्करातल्या साहेबांचा होड्यांचा क्लब होता. शिडाच्या होड्या. रविवारी नदीवर पांढरी शिडं फिरताना पुलावरून दिसायची. क्लबच्या फाटकावर मी पहिल्यांदा गेलो तो फाटकी शिडं शिवायचं काम मिळेल म्हणून. शिपायाने लिंबाखाली बसवलं. दोन तास बसलो. मग स्टोअरचा मुकादम आला. जवळच्याच गावचा शेतकरी माणूस, अंगात बंडी, डोक्याला मुंडासं, कमरेला चुन्याची डबी. पन्नाशीचा असेल. म्हणाला, "शिडाचं काम मुंबईला जातं. तुझं काय काम न्हाई. जा."

मी परत गेलो, पुन्हा आलो, पुन्हा लिंबाखाली बसलो. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी दिवाळी जवळ आली होती. फाटकाशी मुकादम आणि एक तरुण कॅप्टन साहेब उभे होते आणि पायाशी दोन पत्र्याच्या ट्रंका उघड्या पडल्या होत्या. त्यात जाडजूड, पाणी आत येऊ न देणारी जाकिटं. शिडाच्या होडीत बसताना घालायची. मागच्या वर्षी साहेब लोक मुंबईला समुद्रावर शर्यतीला गेले होते. परत आल्यावर ओलीच जाकिटं ट्रंकेत कोंबली गेली आणि वर्षभर कुणी उघडली नाहीत. आता बावीसच्या बावीस चेना जाम. वर-खाली पळणारा जो तुकडा असतो, ज्याला आम्ही रनर म्हणतो, तो कुठे छातीवर अडकलेला, कुठे पोटावर. दात्यांवर हिरवं चढलेलं.

साहेब मुकादमाला हिंदीत म्हणत होता की सगळ्या चेना कापून बटणं लावून टाका. मी शिपायाच्या हाताखालून आत घुसलो, एक जाकीट उचललं आणि चेनेला जीभ लावली.

"ए, काय करतुयास!" मुकादम ओरडला.

"मीठ आहे," मी म्हणालो. साहेबाला म्हणालो, "साब, ये सडा नहीं है. नमक है. मैं समुंदर का आदमी हूँ. खोल के देता हूँ."

साहेब हसला. कितीत, म्हणाला. मी जो आकडा सांगितला तो बटणांच्या खर्चाहून थोडा कमी होता. बटणांचा भाव मला माहीत होता. पण पैशावर मी थांबलो नाही. म्हणालो, मला पास हवा. कायमचा. फाटकावर कागद दाखवला की आत सोडायचं. साहेबाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. डिसेंबरात मुंबईला जाण्याआधी एका सकाळी नदीवर सगळे जण जाकिटं घालून बघतील, म्हणाला. चेना चालल्या तर पास.

तो पास म्हणजे काय होता हे आता कुणाला समजणार नाही. पास असला की लिंबाखाली बसायचं नाही. शिडं, तंबू, पिशव्या, जे निघेल त्या कामाला आधी मला बोलावणार. गल्लीतल्या खोक्यावरचा माणूस लष्कराचा कारागीर होणार. मी आजवर मागितलेली ती एकच गोष्ट, जिचा मला भाव कमी करायचा नव्हता.

जाकिटं सायकलवर लादून तीन खेपांत घरी आणली. आमची एक खोली होती, पुढे पडवी. बायकोने चेन उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "ही कळकलीय."

कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की ते कळकतं, हिरवं होतं. तिने तोच शब्द वापरला आणि मला पुढचं सगळं सुचलं. पितळच ते. भांड्याला जे करायचं तेच चेनेला. आधी गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं, पाणी बदलायचं, पुन्हा बुडवायचं, पाणी चाखून खारट लागेनासं होईपर्यंत. मग चिंचेचा कोळ दात्यांना चोळायचा आणि बुटाच्या जुन्या ब्रशाने घासायचं. हिरवं सुटून कोळ काळा व्हायचा. रनर ऐकत नसेल तर कोमट पाण्याची धार धरायची आणि त्याला पुढे नाही, मागे ढकलायचं, तांदळाच्या दाण्याइतकं. मग पुन्हा कोळ. एकेका जाकिटाला दुपार जायची. वाकलेला दाता बारीक पकडीने सरळ करायचा. रनर ढिला झाला असेल तर दोन्ही बाजूंनी जरा चेपायचा, जास्त नाही. शेवटी साबणाच्या पाण्याने धुवायचं, कारण चिंच आत राहिली तर तीच पुढे धातू खाते. मग उन्हात कडक वाळवायचं.

बायको म्हणाली, "चिंच संपली."

"आण."

"आणि वर काय लावणार? कोरड्या चेनेला पुन्हा गंज चढेल. कॅम्पात मेणबत्ती मिळते, ती घासा."

मेणबत्तीला पैसे पडतात. सासुरवाडीहून दरवर्षी खोबरेल तेलाचा डबा यायचा, फुकट. आमच्याकडे कोकणात कुलपाला, कडीला, होडीच्या खिट्टीला, सगळ्याला तेच. मी पिसाने प्रत्येक दात्याला तेल लावलं. रनर असा पळायला लागला की बोटाचा नुसता धक्का पुरे. नोव्हेंबरातली दुपार होती. बावीस जाकिटं पडवीत दोरीवर टांगली होती आणि मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक चेन वर-खाली करत गेलो. सर्र, सर्र. शेजारच्या बायका बघायला आल्या. कामाचं समाधान म्हणतात ते मला त्या दुपारी मिळालं, एवढं कबूल करतो.

माल परत द्यायला गेलो तेव्हा मुकादमाने प्रत्येक चेन स्वतः चालवून पाहिली. एकही अडली नाही. ट्रंकेला कुलूप लावून किल्ली कमरेला अडकवत तो म्हणाला, "हात चांगला हाय तुझा, कोकण्या. माझ्या बंडीलाबी लाव की एक चेन."

"लावतो. सहा आणे."

"सहा आने? आरं, घरच्या मानसाला सहा आने?"

"घरचं माणूस? चार वेळा लिंबाखाली बसवलंत तेव्हा घरचा नव्हतो?"

"लय बोलतूस," तो म्हणाला. हसून म्हणाला होता की चिडून, हे मी पुढे पुष्कळ वेळा आठवून पाहिलं. तेव्हा मला वाटलं, चिडून.

तीन आठवडे जाकिटं त्याच्या कुलपात होती. मग साहेबाचा निरोप आला, उद्या पहाटे नदीवर ये.

ती थंडी मला अजून आठवते. मावळातून वारा उतरतो आणि नदीवर धुकं बसतं. सायकलच्या दांड्याला हात चिकटत होते. काठावर वीसेक साहेब उभे होते, कुणाच्या हातात चहाचे पेले, चार-पाच शिपाई होड्या पाण्यात लोटत होते. मुकादमाने ट्रंका उघडल्या आणि जाकिटं वाटली. कॅप्टन साहेबाने अंगात घातलं, रनर धरला आणि वर ओढला.

हलला नाही.

त्याने जोर लावला. शेजारच्याने आपला लावून पाहिला. त्याचाही हलला नाही. मग सगळेच ओढायला लागले. "साब, आगे मत खींचो, पीछे लो," मी म्हणत होतो, पण कोण ऐकतो. साहेबाने नखाने दात्यात खरवडलं. पांढरं काहीतरी निघालं. सगळ्या दात्यांत तेच भरलेलं, पांढरं, घट्ट. त्याने बोट माझ्यासमोर धरलं.

"ये क्या है?"

मी बोटाकडे पाहिलं आणि मग मुकादमाच्या कमरेकडे पाहिलं. तिथे चुन्याची डबी होती. किल्ली होती. तीन आठवडे होते. सहा आणे होते. माझ्या डोक्यात हे सगळं एका क्षणात जुळलं, आणि एकदा जुळलं की माझ्याच्याने थांबवत नाही.

"यानं चुना लावला!" मी ओरडलो. "साब, इसने चुना लगाया! ह्या चोरानं माझ्या कामाला चुना लावला!"

होडीपाशी दोन मराठी शिपाई होते. ते खो-खो हसले. मी खरोखरचा चुना म्हणत होतो, त्यांना वाटलं मी फसवलं म्हणतोय. साहेबाने विचारलं, हा काय म्हणतो. एकाने सांगितलं, म्हणतो की मुकादमाने फसवलं. मी म्हणालो, नाही, चुना, चुना, तो पानाचा चुना. त्यावर ते आणखी हसले. मी मुकादमाच्या कमरेची डबी ओढली, झाकण उघडलं आणि साहेबाच्या पायाशी चुना सांडला. बघा म्हणालो. चोर म्हणालो. आणखीही म्हणालो, जे लिहीत नाही.

मुकादमाचा चेहरा तेवढा लाल झाला. पुढे होऊन त्याने एका जाकिटाची चेन नाकाजवळ नेली, हुंगली आणि खाली ठेवली. नंतर वाकून रिकामी डबी उचलली.

साहेबाला आरडाओरडा सहन झाला नाही. "निकालो इसको," म्हणाला. दोघांनी मला दंडाला धरून फाटकाबाहेर घातलं. लिंबाखाली माझी सायकल होती. मी ती घेतली आणि निघालो. मागे वळून पाहिलं नाही, आणि हीच माझी दुसरी चूक.

त्यानंतर दोन वर्षं मी त्या पुलावरून गेलो नाही. पुण्याला जाताना वाट वाकडी करून जायचो. कॅम्पच्या गल्लीत पुढे मला भाड्याचं लहान दुकान मिळालं, ते माझ्या जिवावर मिळालं, पण गिऱ्हाईक कमी असलं की माझ्या तोंडात मुकादमाचंच नाव. बायको म्हणायची, "अहो, किती दिवस?" मी म्हणायचो, मरेपर्यंत. राग धरून ठेवायला फार मेहनत पडत नाही. रोज सकाळी तो आपला आपणच उठतो आणि माझ्याबरोबर दुकानात येतो.

तिसऱ्या थंडीत बायको बाळंतपणाला माहेरी गेली. मी एकटा. जानेवारीतल्या एका सकाळी अंघोळ करून डोक्याला तेल लावायला फळीवरची बाटली घेतली, हातावर उपडी केली. काही आलं नाही. हलवली. काही आलं नाही. उजेडाकडे धरून पाहिलं तर आत पांढरं, घट्ट. काडी घालून खरवडलं. बोटावर तेच आलं, जे साहेबाच्या बोटावर होतं.

मी तसाच ओल्या डोक्याने पाटावर बसलो.

कोकणात खोबरेल गोठलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. तिथे तशी थंडीच नाही. पण पिंपरीत माझे कितीतरी हिवाळे गेले होते, रोज सकाळी मी डोक्याला तेल लावत होतो, आणि ते दर वेळी पातळ होतं. हे कसं, याचं उत्तर बायको परत आली तेव्हा मिळालं.

"दर थंडीत गोठतं," ती म्हणाली. "तुम्ही अंघोळीला गेलात की मी बाटली चुलीच्या वैलावर, उबेला ठेवायची."

"मला सांगितलं नाहीस?"

"तेल पातळ करून देते, हे काय सांगायचं असतं?"

"माझा पास गेला त्यात!"

"तुम्ही घरी येऊन चुना म्हणालात. मी चुना समजले." मांडीवरच्या मुलीला थोपटत ती पुढे म्हणाली, "मेणबत्ती म्हटलं होतं मी."

मी उठलो आणि बाटली परत फळीवर ठेवली.

मुकादमाकडे जायला मला आणखी महिना लागला. आज जाऊ, उद्या जाऊ. चूक कबूल करायची म्हणजे माझ्यासारख्याला दात काढून घेण्यासारखं. शेवटी एका रविवारी सकाळी खिशात मेणबत्तीचा तुकडा टाकला आणि सायकल काढली. तुकडा का टाकला ते सांगता येत नाही. रिकाम्या हाताने जाववेना, एवढंच.

तो नोकरीतून मोकळा झाला होता. गावात घर विचारत गेलो. अंगणात उन्हाला बसला होता, आणि अंगात जाकीट होतं. त्या बावीसांतलं. मी लांबूनच ओळखलं. चेन छातीपर्यंत लावलेली आणि तिथेच थांबलेली.

मला बघून तो उठला नाही. "या," म्हणाला. "चुना शोधाया आलास काय?"

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. की ते खोबरेल होतं. थंडीने गोठलं होतं. तुम्ही काही केलं नव्हतं. मी उगाच चोर म्हणालो. वाक्यं घरून जुळवून आणली होती, ती भराभर संपली.

"मला ठावं हाय," तो म्हणाला.

"केव्हापासून?"

"तवापासनं. हुंगली न्हवं का म्या चेन? खोबऱ्याचा वास आला. माज्या म्हातारीच्या डोसक्याला रोज येतुया त्यो."

"मग बोलला का नाहीत? तिथेच सांगितलं असतंत तर!"

"तू बोलू दिलंस? बारक्या बारक्या शिपायांम्होरं माझी डबी उपडी केलीस. हसत व्हते समदे." तो थांबला, तंबाखू मळायला लागला. "आनि आईक. आलाच हाईस तर समदं आईक. तू गेलास, तासाभरानं ऊन आलं. समद्या चेना आपसूक पळाया लागल्या. मुंबईत तर आठ दिस लोन्यावानी चालल्या. तिथं कुटली थंडी? साहेब खूश. आल्यावर मला म्हनला, उस कोकणी को बुलाओ, उसका पास बनाओ."

मी हातातली सायकल भिंतीला टेकवली.

"म्या म्हनलो, साब, त्यो गाव सोडून गेला."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. घरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. दोन वर्षं मी या माणसाचा राग केला होता, खोट्या कारणासाठी. आणि आता खरं कारण त्याने माझ्या हातात ठेवलं, तर राग यायला पाहिजे होता आणि येत नव्हता. थकल्यासारखं झालं. लांबवर भार वाहून आणावा आणि पत्ता चुकला असं कळावं, तसं.

"साहेब कुठे आहे आता?" मी विचारलं.

"बदलून गेला. जाताना ह्ये मला दिऊन गेला." त्याने जाकिटावर हात फिरवला. "म्या काय गेलो न्हाई कुटं समुद्रावर. पर मुंबईचं मीठ हाय की यात. गेल्या पावसाळ्यात आडली. आता डोसक्यातनं घालतो, बंडीवानी."

"काढा. मोकळी करून देतो."

"नगं."

"चार आणे."

"नगं म्हनलं न्हवं?"

"दोन आणे."

"ऱ्हाऊ दे रं. सवय झाली."

"फुकट करतो."

तो हसला. "कोकण्या, भाव करतुयास का उतरवतुयास?"

आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याला कामाचा भाव स्वतःहून शून्यावर आणला होता आणि तरी सौदा होत नव्हता. शेवटी म्हणालो, "वर मीच चार आणे देतो, पण काढा."

त्याने दोन्ही हात वर करून जाकीट डोक्यातून काढलं आणि माझ्यापुढे टाकलं. "कर. पर हितं बसून. माज्याम्होरं."

त्याच्या सुनेने कोमट पाणी आणि चिंच आणून दिली. मी अंगणात बसलो. तो समोर, हातभर अंतरावर. मी चेन पाण्यात धरली, कोळ चोळला, घासली, रनर मागे ढकलला. तो उठला नाही, तंबाखूची चिमूट हातात तशीच राहिली. त्याची नजर माझ्या बोटांवर होती. चोराच्या हातावर ठेवतात तशी. मला ते कळत होतं आणि त्यालाही ते मला कळावं असंच वाटत होतं. दुपार झाली. रनर सुटला, दाण्याइतका, मग बोटभर, मग खालपर्यंत. साबणाच्या पाण्याने धुतलं. उन्हात वाळेपर्यंत दोघेही तसेच बसलो. सुनेने भाकरी आणली, ती खाल्ली. मग मी खिशातून मेणबत्ती काढली.

"दाव," तो म्हणाला. हातात घेऊन हुंगली. परत दिली.

मी दोन्ही बाजूंच्या दात्यांवर मेण घासलं आणि रनर चालवला. सर्र.

त्याने जाकीट घातलं. या खेपेला डोक्यातून नाही, पुढून उघडून. चेन गळ्यापर्यंत वर नेली, खाली आणली, पुन्हा वर नेली. "चालतीया," म्हणाला. मग कमरेची डबी काढून माझ्यापुढे उघडी धरली. पांढरा चुना काठोकाठ भरलेला. "लावू का?"

मला हसू आलं. त्यालाही आलं असावं, मिशी हलली.

"किती झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही. फुकट म्हटलंय."

"फुकटचं घरच्या मानसाकडनं घ्यावं. किती?"

मला वाटलं, आता हा घासाघीस करील. करू दे, म्हटलं. दोन शब्द तो बोलेल, दोन मी बोलेन, आणि निघताना सगळं पहिल्यासारखं होईल. म्हणून मी मुद्दाम चढा भाव सांगितला. "सहा आणे."

त्याने कनवटीचे सहा आणे काढले आणि माझ्या हातावर ठेवले. एक शब्द बोलला नाही. मग पाठ फिरवून घरात गेला.

मी अंगणात उभा राहिलो थोडा वेळ, तो परत बाहेर येतो का बघत. मग सायकल घेतली. येताना त्या पुलावरून आलो. नदीवर शिडं होती.